बसलेले आणि उभे : जुन्या वळणाच्या रशियन जेवणघराचा इतिहास



आजचा विषय आहे जुन्या वळणाचं रशियन जेवणघर आणि तिथे चार मित्रांनी एकत्र बसून जेवणं. विषय वाचून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला या वयात खाण्यापिण्याचं कुठून सुचलं? उत्तर सोपं आहे. माणसं कुणाबरोबर बसून जेवतात आणि त्यांना वाढायला कोण उभं राहतं, एवढं समजलं की त्या समाजाचं निम्मं नीतिशास्त्र समजतं. उरलेलं निम्मं ग्रंथांत असतं, आणि ते बऱ्याचदा या निम्म्याशी जुळत नाही.

सुरुवात मिठापासून करू. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात मैत्रीला दोन अख्खे भाग दिले आहेत. तिथे तो एका जुन्या म्हणीचा आधार घेतो. दोघांनी मिळून ठरावीक मीठ खाल्ल्याशिवाय त्यांची खरी ओळख होत नाही, असा तिचा आशय. गंमत म्हणजे रशियन भाषेतही हीच म्हण आहे, आणि तिथे मिठाचं मापसुद्धा दिलेलं आहे : एक पूद, म्हणजे आपल्या हिशेबाने सोळा किलोच्या वर. एवढं मीठ दोघांनी मिळून संपवायचं तर किती वर्षं शेजारी बसून जेवावं लागेल, याचा हिशेब करून बघा.

आता आपल्याकडचं मीठ आठवा. आपण म्हणतो, 'खाल्ल्या मिठाला जागावं'. हे मीठ धन्याचं असतं आणि खाणारा चाकर असतो. म्हणजे पदार्थ एकच, पण ॲरिस्टॉटलच्या म्हणीत तो दोन बरोबरीच्या माणसांच्या मध्ये ठेवलेला आहे आणि आपल्या म्हणीत तो वरून खाली आलेला आहे. रशियन जेवणघराच्या इतिहासात ही दोन्ही मिठं एकाच टेबलावर दिसतात. बसलेल्यांमधलं मीठ पहिल्या जातीचं, आणि बसलेला व उभा यांच्यामधलं दुसऱ्या जातीचं. आज आपण ही गोष्ट त्या उभ्या माणसावर नजर ठेवून सांगणार आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. आज कुठल्याही मोठ्या हॉटेलात आधी सूप, मग मुख्य जेवण, मग गोड, असं एकामागून एक येतं. ही युरोपची, विशेषतः फ्रान्सची सनातन पद्धत असावी असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जुन्या फ्रेंच मेजवानीत वीस-तीस पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात. देखावा मोठा असे, पण हाताशी असेल तेवढंच पानात पडे, आणि तोवर गरम पदार्थ गार झालेले असत. एकेक पदार्थ स्वयंपाकघरातून गरमागरम आणून, आतच कापून, प्रत्येकाला बसल्या जागी वाढायचा, ही रीत पश्चिम युरोपात 'रशियन पद्धत' म्हणून ओळखली गेली. पॅरिसमधले रशियाचे राजदूत अलेक्सांद्र कुराकिन यांनी १८१० च्या सुमारास ती तिथे आणली असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपभर रूढ झाली. टेबलाच्या मध्यभागी पदार्थांऐवजी फुलं आली, आणि पुढे काय येणार हे दिसेनासं झाल्यामुळे प्रत्येकाच्या पुढ्यात यादीचा कागद आला. आपण ज्याला मेनूकार्ड म्हणतो, ते असं टेबलावर येऊन बसलं.

ही पद्धत रशियात का रुजली असेल? चवीचा भाग आहेच, पण दुसरं कारण मनुष्यबळाचं. असं वाढायचं तर पाहुण्यांच्या पाठीशी बरीच माणसं उभी लागतात. रशियन जमीनदाराच्या घरात ती होती, कारण ती त्याच्या मालकीची होती. भूदासांची मुक्तता झाली १८६१ साली. तोवर दोन कोटींहून अधिक माणसं खाजगी जमीनदारांच्या ताब्यात होती, आणि त्यातली कित्येक शेतावर नव्हे तर वाड्यावर राबत होती. कुणी स्वयंपाकी, कुणी वाढपी, कुणी वादक. तेव्हा युरोपला जी रशियन शिस्त मोहक वाटली, तिच्या मुळाशी फुकटचे हात होते, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता घरातून बाहेर, जेवणघरात येऊ. मॉस्कोत १८२६ साली कुझ्नेत्स्की मोस्त या रस्त्यावर 'यार' नावाचं उपाहारगृह सुरू झालं. आपल्याला 'यार' म्हटलं की दोस्त आठवतो, पण ते मूळच्या फ्रेंच मालकाचं आडनाव. तरी इथे नाव अगदी समर्पक ठरलं. १८३१ च्या जानेवारीत पुश्किनचा शाळेपासूनचा मित्र, कवी देलविग, पीटर्सबर्गमध्ये वारला. बातमी मॉस्कोला पोचल्यावर २७ जानेवारीला चार कवी 'यार'मध्ये जमले : पुश्किन, बारातिन्स्की, व्याझेम्स्की आणि याझिकोव्ह. मित्राच्या नावाने ते एकत्र जेवले. पुढे बरोबर सहा वर्षांनी, जुन्या पंचांगाप्रमाणे त्याच तारखेला, पुश्किनला द्वंद्वात जीवघेणी गोळी लागली. (आज सांगतो त्या १९१७ पर्यंतच्या तारखा रशियाच्या त्या जुन्या पंचांगाच्याच आहेत.)

या जेवणाकडे जरा थांबून बघा. चर्चमधली प्रार्थना वेगळी, घरातलं मृत्यूनंतरचं जेवण वेगळं. हे चौघे देलविगचे नातलग नव्हते. म्हणजे धर्म आणि कूळ यांच्याखेरीज माणसाला शोक करायला एक तिसरी जागा मिळाली : पैसे देऊन बसता येईल असं टेबल. मैत्री हे नातं जन्माने मिळत नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं घर नसतं. उपाहारगृहाने ते घर भाड्याने दिलं. हा उपाहारगृहाचा खरा मोठेपणा, आणि तो आम्हाला कमी लेखायचा नाही.

पण 'यार' पडलं फ्रेंच धाटणीचं. अस्सल रशियन म्हणतात ते जेवणघर म्हणजे 'त्राक्तीर'. आपल्या भाषेत खानावळ, चहाचं दुकान आणि गुत्ता यांचं मिश्रण. इथे व्यापारी सौदे करत, गाडीवान ऊब घ्यायला येत, समोवारमधून चहाचे पेल्यामागून पेले निघत. मोठ्या त्राक्तीरांचा थाट निराळा. थिएटरांच्या चौकाजवळचं तेस्तोव्हचं त्राक्तीर भाजलेल्या कोवळ्या डुकरासाठी आणि 'कुलेब्याका'साठी नावाजलेलं होतं. कुलेब्याका म्हणजे मासे, भात, मशरूम असे थरावर थर भरून भाजलेली लांबट कचोरीच म्हणा ना. जेवणाआधी 'झाकुस्की' : खारवलेला हेरिंग, काकडीचं लोणचं, मशरूम, माशांची अंडी. त्याबरोबर थंडगार व्होडका. मग कोबीचं नाहीतर माशाचं सूप, आणि मग खरं जेवण.

हे सगळं आणून देणारा माणूस म्हणजे 'पोलोवोय'. हा शब्द 'फरशी' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. टेबल ज्यांचं ते गिऱ्हाईक, आणि फरशी ज्याची तो पोलोवोय! पांढरा सदरा, पांढरी विजार, कमरेला पट्टा. मॉस्कोतले पुष्कळसे पोलोवोय यारोस्लाव्ल प्रांतातल्या खेड्यांतून येत. व्लादिमीर गिल्यारोव्स्की या पत्रकाराने जुन्या मॉस्कोवरच्या आपल्या पुस्तकात त्यांचं आयुष्य नोंदवून ठेवलं आहे. लहान मुलगा गावाहून आणायचा, आधी भांडी घासायला लावायचा, मग स्वयंपाकघरात पदार्थांची ओळख, आणि अशी काही वर्षं काढल्यावर मग त्याला दालनात गिऱ्हाइकासमोर उभं करायचं. अनेक त्राक्तीरांत त्याला पगार नसे. तो बक्षिसीवर जगे, आणि त्या बक्षिसीतलाही वाटा मालकाला द्यावा लागे. या बक्षिसीला रशियनमध्ये म्हणतात 'ना चाय', म्हणजे 'चहासाठी'. आपल्या 'चहापाण्या'ला हजारो मैलांवर सख्खा भाऊ आहे तो असा. हक्काचा मोबदला जिथे टाळायचा असतो, तिथे भाषा चहा पुढे करते.

आता दोन प्रसिद्ध जागांची तुलना करू, कारण तिच्यात मोठी मौज आहे. १८६० च्या दशकात मॉस्कोच्या त्रुब्नाया चौकात 'एर्मिताझ' उभं राहिलं. त्याच्याशी ल्युस्यां ऑलिव्हिए या पाककुशल माणसाचं नाव जोडलेलं आहे. त्याच्या नावाचं सॅलड पुढे इतकं बदललं, की रानपक्ष्याचं मांस आणि नदीतले खेकडे जाऊन सोव्हिएत काळात त्यात सॉसेज आणि वाटाणे आले. त्याचाच एक लांबचा नातलग आपल्याकडे लग्नाच्या बुफेत 'रशियन सॅलड' म्हणून बसलेला असतो. तर या 'एर्मिताझ'मध्ये पदार्थ फ्रेंच, पण वाढपी मात्र रशियन शेतकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यात. कापड उंची, पट्टा रेशमी. याउलट १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला निकोल्स्काया रस्त्यावर 'स्लाव्यान्स्की बझार' निघालं. नाव स्लाव संस्कृतीचं, भिंतीवर लावायला रेपिनकडून स्लाव संगीतकारांचं भलंमोठं चित्र काढून घेतलेलं, आणि वाढपी मात्र युरोपीय फ्रॉककोटात! फ्रेंच जागेत शेतकऱ्याचा वेष, स्लाव जागेत साहेबाचा. राष्ट्राची ओळख काय असावी हा वाद विचारवंत मासिकांतून घालत होते, आणि त्या वादाचा गणवेश चढत होता वाढप्याच्या अंगावर. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

'एर्मिताझ'मध्ये वर्षातून एक दिवस मात्र चमत्कार होई. १२ जानेवारी, संत तात्याना हिचा दिवस. १७५५ साली याच तारखेला मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेच्या आदेशावर सही झाली होती. त्या रात्री उपाहारगृह विद्यार्थ्यांच्या हवाली केलं जाई. गालिचे आणि रेशमी खुर्च्या उचलून ठेवायच्या, फरशीवर लाकडाचा भुसा पसरायचा, साधी बाकं मांडायची. खायला थंड पदार्थ, प्यायला स्वस्तातली दारू. गरीब विद्यार्थी, नामांकित प्राध्यापक, जुने पदवीधर, वकील, डॉक्टर सगळे एकाच बाकावर. प्राध्यापकांना टेबलावर चढवून भाषणं करायला लावत. आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलं, त्यामुळे ही कल्पना आम्हाला फार आवडते. ज्या जागेत एरवी खिसा बघून प्रवेश मिळे, तिथे एका रात्रीपुरता प्रवेश विद्येच्या नात्याने मिळाला. पण तो भुसा का पसरला होता, हेही बघा. सकाळी तो झाडणारे होते म्हणून. बंधुभावाच्या या रात्रीतही फरशी पोलोवोयचीच राहिली.

'स्लाव्यान्स्की बझार'मधली एक भेट तर जगाच्या नाट्यइतिहासात गेली आहे. २२ जून १८९७, दुपारचे दोन. नाटककार आणि नाट्यशिक्षक नेमिरोविच-दान्चेन्को आणि धनिक व्यापारी घराण्यातले हौशी नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की जेवायला भेटले. जेवण झालं, कॉफी झाली, पुन्हा जेवण झालं, बोलणं संपेना. शेवटी दोघे स्तानिस्लाव्स्कींच्या गावाबाहेरच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उठले. अठरा तास! त्यातून पुढच्या वर्षी मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं. आपल्याकडे अभिनय शिकणाऱ्या मुलांना आज जी पद्धत शिकवली जाते, तिची मुळं त्या थिएटरात आहेत.

त्या अठरा तासांत ते काय बोलले? साहित्याच्या बाबतीत शेवटचा शब्द नेमिरोविचचा आणि सादरीकरणाच्या बाबतीत स्तानिस्लाव्स्कींचा, असा करार झाला. शिवाय नटांच्या सन्मानाबद्दल पुष्कळ बोलणं झालं. पडद्यामागे नटाला अंधाऱ्या, गारठलेल्या कोंदट खोल्यांत कोंबतात, आणि मग त्याच्याकडून सुसंस्कृत कलेची अपेक्षा करतात, हे बदलायला हवं असं त्यांनी ठरवलं. अतिशय योग्य ठरवलं. आम्ही एवढंच सुचवतो, की हे ठरत असताना त्या टेबलाशी कोट घातलेला एक माणूस येत-जात असणार. त्याच्या खोलीत ऊब होती का, हा प्रश्न त्या संभाषणात आल्याची नोंद नाही. यात त्या दोघांचा दोष काढायचा नाही. प्रत्येक पिढीला सन्मानाचा प्रश्न आधी आपल्या शेजारी बसलेल्यांच्या बाबतीतच दिसतो.

मग तो प्रश्न उभ्या माणसाने स्वतःच विचारला. १९१७ च्या फेब्रुवारीत झारशाही कोसळली, आणि त्या वर्षी पेत्रोग्रादच्या रस्त्यावर वाढप्यांनी मोर्चे काढले. त्यांच्या मागण्या ऐकण्यासारख्या आहेत. बक्षिसी बंद करा, आम्ही नागरिक आहोत, आम्हाला माणसासारखं वागवा. अमेरिकन पत्रकार जॉन रीड याने नोंदवलंय, की उपाहारगृहांत तेव्हा फलक लागले होते. पोटासाठी वाढप्याचं काम करावं लागतं म्हणून बक्षिसी देऊन माणसाचा अपमान करू नका, असा त्यांचा आशय. त्याच वर्षी सैनिकांनी मिळवलेल्या प्रसिद्ध 'आदेश क्रमांक एक'मध्येही अधिकाऱ्यांनी शिपायांना अरेतुरे करायचं नाही, असं एक कलम होतं. रशियनमध्येही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, त्यामुळे मराठी माणसाला या मागणीचं वजन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लक्षात घ्या, वाढपी जास्त बक्षिसी मागत नव्हते. ती नको म्हणत होते. बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, पगार हक्काचा असतो. तत्त्वज्ञानात आम्ही दया आणि न्याय यांतला फरक शिकवायला दोन-तीन तास घेत होतो. पेत्रोग्रादच्या वाढप्यांनी तो एका फलकावर लिहिला.

क्रांतीनंतर काय झालं? 'एर्मिताझ' बंद पडलं, आणि १९२० च्या दशकात त्या इमारतीत 'शेतकरी भवन' आलं. एकेकाळी जिथे शेतकऱ्याच्या वेषात माणूस उभा असे, तिथे आता खराखुरा शेतकरी बसायला आला. आशा मोठी होती. पण पुढच्या दशकात त्याच राजवटीने शेतकऱ्याचं काय केलं, ते सामूहिक शेतीच्या आणि दुष्काळाच्या इतिहासात वाचायला मिळतं. बक्षिसीही परतलीच. सोव्हिएत उपाहारगृहाच्या दारावर 'जागा नाही' अशी पाटी असे, आणि आत टेबलं रिकामी असतानाही ती असे. दारवानाच्या हातात काही ठेवलं की जागा निघे.

मग मित्रमंडळी गेली कुठे? घरात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ख्रुश्चेव्हच्या काळात लाखो कुटुंबांना छोटे स्वतंत्र फ्लॅट मिळाले. त्याआधी एका स्वयंपाकघरात अनेक कुटुंबं चुली मांडत, त्यामुळे मोकळं बोलायची सोय नव्हती. आता पाच-सहा चौरस मीटरचं का होईना, पण स्वतःचं स्वयंपाकघर आलं. चहा, काकडीचं लोणचं, उकडलेले बटाटे आणि पहाटेपर्यंत गप्पा. बंदी असलेली टंकलिखित पुस्तकं इथे हातोहात फिरली. 'स्वयंपाकघरातल्या गप्पा' हा रशियन भाषेत एक संस्थावाचक शब्दच झाला. आम्हाला विचाराल, तर 'यार'मधल्या त्या चौघांचा वारसा याच टेबलांनी चालवला. इथे पोलोवोय नव्हता. पण प्रामाणिकपणे बघायचं तर इथेही बहुतेक वेळा कुणीतरी उभं होतंच : घरातली बाई. दिवसभर नोकरी करून, रांगेत उभी राहून तिने ते बटाटे आणलेले असत. पुरुषांची पंगत आधी उठवणाऱ्या आपल्या घरांना हे चित्र अनोळखी नाही.

आज मॉस्कोत जुन्या वळणाची रशियन जेवणघरं पुन्हा सजली आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र, चौघेही निवृत्त, अशाच एका ठिकाणी जेवलो. खिडकीत समोवार, भिंतीवर जुनी छायाचित्रं, मातीच्या भांड्यात सूप. सुरेख जेवण होतं. वाढणारा तरुण पांढरा भरतकामाचा सदरा घालून आला, थेट यारोस्लाव्लच्या पोलोवोयचा वेष. आमच्यातल्या एकाने तरुणपणी पुण्यात रशियन शिकलं होतं. त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की मुलगा किर्गिझस्तानातल्या ओश शहराचा. घरी पैसे पाठवतो. आमच्या मित्राचा स्वभाव मोकळा. तो म्हणाला, 'तुम्ही पण बसा की जरा, चहा घ्या आमच्याबरोबर.' मुलगा हसला, गल्ल्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, 'मला बसता येत नाही.' मग आम्ही त्याच्यासाठी पैसे ठेवले. 'चहासाठी'च.

परतताना आमच्यात वाद झाला. एक म्हणाला, बोलावलं ते चांगलंच केलं. दुसरा म्हणाला, उगाच त्याला अवघडवलं. आम्हाला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. एका गिऱ्हाइकाच्या चांगुलपणाने तो मुलगा बसू शकत नाही. त्याच्या कामाचे तास, पगार, परक्या शहरात राहण्याचा परवाना हे सगळं त्या टेबलाच्या बाहेर ठरतं. १९१७ च्या वाढप्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते गिऱ्हाइकाकडे गेले नाहीत, रस्त्यावर गेले. पण 'तुम्ही' म्हणणं तर आपल्या हातात असतं, आणि ते काही थोडं नसतं.

हा प्रश्न रशियाचाच आहे असं समजून आपण उठू नये, म्हणून शेवटी एक उलटा प्रवास सांगतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि पुढे बहामनींच्या राजधानीत, बीदरला गेला. त्याच्या टिपणांत आपल्या पूर्वजांच्या जेवणाबद्दल एक नोंद आहे. हे लोक एकमेकांबरोबर खात-पीत नाहीत, बायकोबरोबरसुद्धा नाही, आणि परक्याची नजर पडू नये म्हणून अन्न झाकतात. हा माणूस भाकरी आणि मीठ पुढे करून पाहुण्याचं स्वागत करणाऱ्या देशातला. त्याला हे चमत्कारिक वाटलं असणार. पण बीदरला त्याची काही हिंदूंशी ओळख वाढली, आपण कोण, कुठल्या धर्माचे, हे त्याने त्यांना सरळ सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही, अन्नसुद्धा नाही, असं तो लिहितो. ते त्याच्याबरोबर जेवले, असं मात्र तो म्हणत नाही. झाकण निघालं, पंगत झाली नाही.

त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षं गेली. आता आपण हॉटेलात कुणाच्याही शेजारी बसतो, आणि ही खरोखरच मोठी मजल आहे. तिच्यासाठी आपल्याकडे सहभोजनांच्या चळवळी कराव्या लागल्या, शिव्या खाव्या लागल्या. पण ती मजल बसलेल्यांची आहे. उभ्या माणसाचा हिशेब अजून व्हायचा आहे. पुढच्या वेळी मित्रांबरोबर जेवायला जाल तेव्हा जेवण मजेत करा, गप्पा पहाटेपर्यंत चालू द्या. फक्त वाढणाऱ्याचं नाव विचारा, आणि त्याला पगार किती मिळतो याची चौकशी मालकाकडे करा.

वेळ संपली. प्रश्न असतील तर आता घेऊ.